घोड्याचा गळा आणि शस्त्रक्रिया: पशुपालकाने कुठे हात लावायचा, कुठे नाही

घोडा तोंडाने श्वास घेऊ शकत नाही. बैलाचं, कुत्र्याचं किंवा माणसाचं नाक चोंदलं तर तोंड उघडून वेळ निभावते. घोड्याला ती सोय नाही. त्याचा मऊ टाळू लांब असतो आणि स्वरयंत्रावरचं झाकण, म्हणजे एपिग्लॉटिस, त्या टाळूच्या वर येऊन बसलेलं असतं. नाकातली हवा सरळ श्वासनलिकेत जाते, तोंडाची वाट मात्र हवेसाठी बंद राहते. म्हणून गुदमरणाऱ्या घोड्याचं तोंड फाकवून काही उपयोग होत नाही. तेवढा वेळ मात्र वाया जातो.

धुळे, नंदुरबार, जळगाव या भागात वरातीच्या घोड्या, नाचाचे घोडे आणि हौसेने पाळलेली मारवाडी-काठेवाडी जनावरं बरीच आहेत. गाय-म्हैस बघणारे डॉक्टर जवळ मिळतात, पण घोड्याच्या गळ्यावर शस्त्रक्रियेची वेळ आली की बहुतेक मालकांची धावपळ होते, आणि त्या धावपळीत कुणीतरी ब्लेड तापवून गाठ फोडायला बसतो. मी पशुवैद्य आहे आणि हा लेख मालकांसाठी लिहितो आहे. कापायचं कसं हे यात सापडणार नाही. घोड्याच्या गळ्यात बोटाच्या अंतरावर जीव घेणाऱ्या गोष्टी असतात, तिथलं कापणं नोंदणीकृत पशुवैद्याचंच काम आहे. भारतीय पशुवैद्यक परिषद कायदा, १९८४ हेही तेच सांगतो. पण कापण्याआधीचं आणि नंतरचं बहुतेक काम मालकाच्या हातात असतं, आणि माझ्या मते घोडा वाचतो की जातो हे बरंचसं तिथेच ठरतं.

पायरी १: निरोगी घोड्याचा गळा हाताने ओळखून ठेवा

आजारी घोड्यावर शिकायला जाऊ नका. घोडा चांगला असताना, खरारा करतानाच रोज दोन मिनिटं गळ्यावरून हात फिरवा.

खालच्या जबड्याच्या दोन फांद्यांच्या मधल्या खोलगट जागेत बोटं घाला. तिथल्या लसग्रंथी निरोगी घोड्यात लहान, हलणाऱ्या आणि न दुखणाऱ्या असतात. जबड्याच्या खालच्या कडेवरून एक धमनी वळते, तिथे नाडी लागते. विश्रांतीत मोठ्या घोड्याची नाडी मिनिटाला २८ ते ४४, श्वास ८ ते १६ आणि ताप ३७.५ ते ३८.५ सेल्सिअस, म्हणजे साधारण ९९.५ ते १०१.३ फॅरेनहाइट. आपल्या घोड्याचे नेहमीचे आकडे तबेल्याच्या भिंतीवर खडूने लिहून ठेवा.

आता कानाखाली, जबड्याच्या मागच्या कडेला या. वर लाळेची मोठी ग्रंथी आणि तिच्या मागे, खोलवर गटरल पाऊच. हा हवेने भरलेला पिशवीसारखा कप्पा घोडा आणि त्याच्या भाऊबंदांखेरीज फार थोड्या प्राण्यांत असतो. कानाकडून घशाकडे येणारी नळी फुगून तो तयार होतो. दोन्ही बाजूंना एकेक, प्रत्येकात साधारण ३०० ते ५०० मिलिलिटर हवा. त्याच्या पातळ अस्तराला चिकटून मेंदूकडे जाणारी मोठी धमनी जाते. गिळणं, स्वरयंत्र आणि जीभ चालवणाऱ्या नसाही तिथूनच जातात. चेहरा हलवणारी नस शेजारीच असते. गळ्यातली सगळ्यात नाजूक जागा कोणती असं विचारलं तर मी हीच सांगेन.

त्याच्या खाली हाताला कडक डबीसारखं लागतं ते स्वरयंत्र. तिथून खाली मधोमध श्वासनलिका, तिची कुर्चेची कडी बोटांना मोजता येतात. तिच्या दोन्ही बाजूंच्या खोबणीत गळ्याची मुख्य शीर असते. खोबणीच्या खालच्या भागात अंगठा दाबला की वर शीर फुगून येते, सोडला की पटकन रिकामी होते. अन्ननलिका मानेच्या मध्यावर श्वासनलिकेच्या डाव्या अंगाला सरकलेली असते. घोडा पाणी पिताना डाव्या बाजूला घोट उतरताना दिसतो.

शिरेच्या मागे, खोलवर, मेंदूला रक्त नेणारी धमनी आहे. मानेच्या वरच्या भागात शीर आणि धमनी यांच्यामध्ये स्नायूची पट्टी असते, खालच्या भागात ती नसते. म्हणून शिरेतलं इंजेक्शन मानेच्या वरच्या तिसऱ्या भागात द्यायचं. भूल किंवा गुंगीचं औषध चुकून धमनीत गेलं तर ते सरळ मेंदूत पोहोचतं आणि घोडा काही सेकंदांत झटके देऊन कोसळतो. जवळ उभा असलेला माणूसही त्याखाली सापडू शकतो. शिरेच्या बाहेर झिरपलेलं जळजळीत औषधही वाईट. शीर गोठते, शेजारच्या नसेला इजा झाली तर स्वरयंत्राची एक बाजू लुळी पडते. ‘शिरेतलं मीच देतो’ म्हणणाऱ्या, पण पशुवैद्य नसलेल्या माणसाला घोड्याच्या मानेला हात लावू देऊ नका. त्यात भीड बाळगायचं कारण नाही.

पायरी २: त्रास नेमका कुठला ते ओळखा

‘गळा सुजला’ एवढ्यावर काहीच कळत नाही. फोन करण्याआधी पुढचं पाहून ठेवा.

दोन्ही नाकपुड्यांतून चाऱ्याचा हिरवट चोथा आणि लाळ येते, घोडा मान लांब करून पुन्हा पुन्हा गिळायचा प्रयत्न करतो: अन्ननलिकेत घास अडकला आहे. आपल्याकडे याचं कारण बहुतेकदा कोरडा हरभरा, न भिजवलेला कोंडा किंवा उसाचे मोठे तुकडे. श्वासाची वाट वेगळी असल्याने घोडा लगेच गुदमरत नाही, म्हणून घाबरू नका. चारा काढा आणि पाणीही काढा. घोडा शांत ठेवा, डोकं खाली राहू द्या. नळीने तेल, तूप, पाणी काही ओतू नका. ते फुप्फुसात जातं आणि न्यूमोनियाने घोडा जातो. बरेचसे घास डॉक्टरांनी गुंगी देऊन, नाकातून नळी घालून, पाण्याने धुऊन निघतात. अन्ननलिका कापणं हा अगदी शेवटचा उपाय, कारण ती नीट भरून येत नाही आणि भरलीच तर जागा आकसून पुन्हा घास अडकू लागतात.

ताप, जबड्याखाली गरम दुखरी गाठ, घट्ट पिवळसर शेंबूड: स्ट्रँगल्सची शंका घ्या. हा जिवाणूचा, झपाट्याने पसरणारा आजार आहे. डिसेंबरच्या सुमाराला, दत्त जयंतीला सारंगखेड्याची यात्रा भरते, दूरदूरच्या राज्यांतून घोडे एका मैदानात येतात, एकाच हौदावर पाणी पितात. तिथून घोडा आणला की तीन आठवडे वेगळा बांधा आणि रोज ताप मोजा. शेंबूड दिसण्याच्या आधी ताप चढतो, आणि ताप चढल्यावर एक-दोन दिवस तरी तो फारसा रोग पसरवत नाही. तेवढ्यात ओळखलात तर बाकीचे घोडे वाचतात.

गाठ नसून कानाखाली मऊ, हवेने भरल्यासारखी सूज शिंगराला आली तर गटरल पाऊचमध्ये हवा कोंडली असण्याची शक्यता आहे. ती सुईने टोचून सोडायची नसते.

काम न करता, उभ्या-उभ्या, एका नाकपुडीतून रक्त आलं तर ते मी कधीच साधं धरत नाही. पाऊचमधल्या धमनीवर बुरशी बसली की ती भिंत कुरतडते. आधी थोडं रक्त येतं, थांबतं. काही दिवसांनी पुन्हा येतं. मग एके दिवशी धमनी फुटते आणि घोडा काही मिनिटांत संपतो. पहिलं रक्त थांबलं म्हणून निश्चिंत झालेले मालक असतात, आणि वाचवायची संधी नेमकी तेव्हाच असते. दुर्बिणीने पाऊच तपासून ती धमनी बंद करण्याची शस्त्रक्रिया मोठ्या केंद्रातच होते.

पळताना श्वास आत घेतेवेळी घरघर आवाज येतो: डाव्या बाजूची स्वरयंत्राची नस थकलेली असू शकते. ही नस छातीत उतरून मोठ्या धमनीला वळसा घालून परत वर येते, उजवीपेक्षा बरीच लांब, आणि उंच घोड्यांत ती जास्त बिघडते. इथे माझं मत स्पष्ट आहे. वरातीत चालणाऱ्या घोडीला थोडी घरघर असेल आणि विश्रांतीत श्वास सुरळीत असेल तर शस्त्रक्रियेच्या मागे लागू नका. घोड्याची हनुवटी छातीला लावून नाचवायची जी पद्धत आहे तिने घसा आणखी अरुंद होतो. आधी लगाम सैल करा, मान मोकळी ठेवा आणि फरक पाहा.

आणि एक इशारा, हा सगळ्यांच्या आधी वाचावा असा. नाकातून चिकट स्राव आणि जोडीला नाकाच्या आत व्रण किंवा पायांवर-अंगावर फुटणाऱ्या गाठी असतील तर तो ग्लँडर्स असू शकतो. तो माणसाला होतो आणि मारक ठरू शकतो. अशा घोड्याच्या गाठीला हात लावू नका, कुणाला फोडू देऊ नका. सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवणं २००९ च्या संसर्गजन्य पशुरोग कायद्याने बंधनकारक आहे. रक्ताचा नमुना तपासणीसाठी हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्राकडे जातो. निकाल येईपर्यंत घोडा, त्याची बादली, तोबरा, खरारा, सगळं वेगळं.

पायरी ३: गाठ पिकली तरी स्वतः फोडू नका

जबड्याखालची उथळ गाठ असेल तर डॉक्टर सांगतील तसा कोमट शेक द्या, गाठ मऊ होऊन केस गळायला लागले की ती फुटायच्या बेतात येते. कच्ची गाठ कापली तर पू निघत नाही, रक्तच निघतं. पण खरा धोका जबड्याच्या मागच्या, खोल गाठींचा. त्या गटरल पाऊचच्या तळाशी, मोठ्या धमनीच्या आणि नसांच्या अंगाला असतात. तिथे पू काढण्यासाठी पशुवैद्य जबड्याची मागची कड, छातीकडून जबड्यावर येणाऱ्या स्नायूचा दोर आणि चेहऱ्याकडून येणारी शीर या तिघांमधल्या छोट्या त्रिकोणातून वाट काढतात, शक्य असेल तर सोनोग्राफी बघत बघत. अंदाजाने तिथे ब्लेड घालणं म्हणजे घोड्याच्या जिवाशी खेळणं आहे.

पू पाऊचमध्ये साठला तर नाकातून नळी घालून धुवावं लागतं. धुणं निव्वळ सलाइननेच. हायड्रोजन पेरॉक्साइड किंवा कडक आयोडीन तिथे घातलं तर अस्तराखालच्या नसा भाजतात आणि घोड्याला गिळता येईनासं होतं. कुणी ‘जंतुनाशकाने स्वच्छ धुऊ’ म्हणालं तर ‘निव्वळ सलाइनने का नाही’ हा प्रश्न जरूर विचारा. काढलेला पू आणि धुण्याचं पाणी हौदाच्या, गव्हाणीच्या आसपास सांडू देऊ नका.

पायरी ४: श्वास अडला तर

नाकपुड्या ताणून फाकल्या आहेत, मान पुढे काढली आहे, श्वास घेताना शिट्टीसारखा आवाज येतो, हिरड्या निळसर दिसतात: ही मिनिटांची गोष्ट आहे. पशुवैद्याला फोन लावा. सरकारी फिरत्या पथकासाठी १९६२ हा क्रमांक आहे. फोनवर ‘घोडा, श्वास अडलाय, श्वासनलिका उघडावी लागेल’ एवढं आधी सांगा, म्हणजे डॉक्टर साहित्य घेऊन निघतील.

तोवर म्होरकी सैल करा, गर्दी हटवा, घोडा सावलीत आणि मोकळ्या जागी उभा ठेवा. भुसावळ-जळगावकडचा मे महिना ४५ अंशांवर जातो, तेव्हा अंगावर पाणी मारा. खाली पाडू नका. गुंगी देण्याचा हट्ट धरू नका. गुंगीत डोकं खाली जातं, नाकाची आतली त्वचा सुजते आणि उरलीसुरली वाटही बुजते.

डॉक्टर मानेच्या वरच्या आणि मधल्या तिसऱ्या भागाच्या सांध्यावर, पुढून अगदी मधोमध, जागा बधिर करून उभा छेद घेतात. तिथे श्वासनलिका त्वचेच्या सर्वांत जवळ असते. मग दोन कड्यांच्या मधून आडवं उघडून नळी बसवतात. कडी कापत नाहीत, आणि श्वासनलिकेच्या घेराचा अर्ध्याहून जास्त भाग उघडत नाहीत, नाहीतर पुढे ती जागा चेपते. घोडा उभा असतानाच हे होतं आणि हवा मिळताच तो बऱ्यापैकी शांत होतो. तुम्ही तेवढ्यात डोकं सरळ आणि मान किंचित वर धरायची, विजेरी धरायला दुसरा माणूस ठेवायचा आणि स्वतः पुढच्या पायांच्या सरळ समोर उभं राहायचं नाही.

पायरी ५: उभ्याने की पाडून, आणि कुठे

घोड्याला पूर्ण भूल देणं हे कुत्र्या-मांजरासारखं नाही. मोठ्या आंतरराष्ट्रीय नोंदींमध्ये भूल दिलेल्या घोड्यांपैकी शंभरात सुमारे एक दगावतो; कुत्र्यांत हे प्रमाण बरंच कमी आहे. तीन-चारशे किलोचं अंग एका कुशीवर पडून राहिलं की खालच्या स्नायूंना रक्त पोहोचत नाही, आणि शुद्धीवर येताना घाबरून उठण्याच्या धडपडीत पाय मोडतो. म्हणून जे काम उभ्याने, गुंगी देऊन आणि जागा बधिर करून होतं ते उभ्यानेच करून घ्या. गटरल पाऊचची सफाई, श्वासनलिका उघडणं, आजकाल स्वरयंत्रावरच्या काही शस्त्रक्रियासुद्धा उभ्याने होतात.

मोठ्या कामासाठी घोडा हलवावा लागेल. मुंबईचं परळचं पशुवैद्यकीय महाविद्यालय १८८६ पासून आहे. शिरपूर-धुळ्याकडच्यांना आग्रा रस्त्याने महू, नंदुरबार-नवापूरकडच्यांना गुजरातमधलं नवसारी, ही महाविद्यालयंही वाटेत पडतात. निघण्याआधी फोन करून घोड्यासाठी दुर्बीण आणि घोड्याची भूल देणारे डॉक्टर त्या दिवशी आहेत ना, हे विचारा. गाडीत डोकं उंच आवळून बांधू नका. तासन्‌तास मान खाली नेता आली नाही की घशातली घाण फुप्फुसात उतरते. दर तीन-चार तासांनी थांबून घोड्याला मान खाली घालू द्या. नाकातून रक्त आलेल्या घोड्याला मात्र डॉक्टरांशी बोलल्याशिवाय गाडीत चढवू नका.

पायरी ६: शस्त्रक्रियेच्या आधीची तयारी

वजन काढा. औषधाची मात्रा वजनावर ठरते आणि डोळ्यांचा अंदाज नेहमी चुकतो. काटा नसेल तर टेपने छातीचा घेर आणि खांद्याच्या टोकापासून ढुंगणाच्या हाडापर्यंतची लांबी सेंटिमीटरमध्ये मोजा. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले ११,८८०. घेर १६० आणि लांबी १५० असेल तर वजन साधारण ३२३ किलो येतं.

आधी कोणती औषधं दिली ते रिकाम्या बाटल्यांसकट दाखवा. यात एक गोष्ट फार महत्त्वाची: ट्रायमेथोप्रिम-सल्फा हे जंतूंवरचं औषध शिरेतून दिलेलं असेल आणि त्यावर डेटोमिडीनची गुंगी दिली तर हृदयाचे ठोके बिघडून घोडा मरू शकतो. गावातल्या कुणी आदल्या दिवशी काय टोचलं हे लपवू नका. तुम्ही त्याच्याकडे का गेलात म्हणून कुणी तुम्हाला शिक्षा करणार नाही.

धनुर्वाताची लस झाली आहे का ते पाहा. सगळ्या पाळीव जनावरांत घोडा धनुर्वाताला सर्वांत हळवा, आणि तबेल्याच्या शेणमातीत तो जंतू असतोच. लस झाली नसेल किंवा आठवत नसेल तर तसं सांगा, डॉक्टर तयार प्रतिविष देतील.

कडबा-चारा आठ ते बारा तास बंद, पाणी मात्र गुंगीच्या वेळेपर्यंत चालतं. पूर्ण भूल असेल तर त्याआधी तोंड पाण्याने नीट धुऊन घ्या. गालात राहिलेला चोथा श्वासाच्या नळीबरोबर आत ढकलला जातो, आणि ही चूक मोठ्या दवाखान्यातही होते. नाल काढा किंवा खूर पट्टीने गुंडाळा. घोडा आडवा झाला की म्होरकी काढायला सांगा, कारण तिची कडी गालाखाली दबली तर चेहऱ्याची नस मरते आणि ओठ वाकडा होतो.

शेतात भूल द्यायचीच वेळ आली तर दगड, खुंट, तारा नसलेली गवताची जागा, उन्हाळ्यात पहाटेची वेळ, आणि काम तासाच्या आत संपणारं. याहून मोठं काम शेतात होऊ देऊ नये.

डॉक्टरांना हे विचारा: श्वासाची नळी घोडा उभा राहीपर्यंत ठेवणार का? नाक सुजलं तर काय करणार? श्वासनलिका उघडायचं साहित्य हाताशी आहे का? चांगला डॉक्टर या प्रश्नांनी रागावत नाही.

पायरी ७: शुद्धीवर येताना आणि पुढचे दिवस

घोडा आडवा असताना डोकं खाली राहिलेलं असतं, त्यामुळे नाक आतून सुजतं. दोन्ही नाकपुड्यांसमोर तळहात धरून हवा लागते का ते पाहा. एकीकडून लागत नसेल, घोरल्यासारखा आवाज असेल, तर लगेच डॉक्टरांना सांगा. उभ्याने गुंगी दिलेल्या घोड्याचं डोकं लोंबकळू देऊ नका, कडब्याच्या पेंडीवर किंवा भरलेल्या पोत्यावर टेकवा. गुंगी पूर्ण उतरेपर्यंत घासभरही चारा नाही, नाहीतर घास अडकतो.

श्वासनलिकेत नळी असेल तर ती दिवसातून निदान दोनदा काढून धुवावी लागते. हे डॉक्टरांकडून समोर करून शिकून घ्या. जखमेखालच्या कातड्याला पेट्रोलियम जेली लावा म्हणजे स्रावाने ते सोलत नाही. धूळ उडेल असं झाडू नका, चारा पाणी मारून द्या. माश्यांचं औषध जखमेच्या भोवती लावायचं, आत नाही. नळी काढल्यावर भोक टाके न घालता आपोआप दोन-तीन आठवड्यांत भरतं. तोवर घोड्याला तापीच्या, गोमाईच्या पाण्यात घालू नका. पाणी सरळ फुप्फुसात जाईल.

स्वरयंत्र धाग्याने ओढून कायमचं उघडं ठेवण्याची शस्त्रक्रिया झाली असेल तर चारा आणि पाणी जमिनीवरच ठेवा, उंच गव्हाणीत नाही. खाताना खोकला, नाकातून चारा-पाणी येणं, ताप, ही अन्न फुप्फुसात जात असल्याची खूण आहे. चार ते सहा आठवडे बांधून विश्रांती, त्यानंतर हाताने फिरवणं, आणि काम सुरू करण्याची परवानगी दुर्बिणीने पाहिल्यावरच.

रोज सकाळ-संध्याकाळ ताप, नाडी, श्वास आणि किती खाल्लं ते वहीत लिहा. ताप १०१.५ च्या वर, गळ्यावर वाढती सूज, कातडीखाली हवा कुरकुरल्यासारखी लागणं, मानेची शीर दोरीसारखी कडक होणं, पापणी लोंबणं आणि त्या बाजूला मानेवर घाम येणं, यांतलं काहीही दिसलं तर टाके काढायच्या तारखेची वाट पाहू नका.

जखम पूर्ण भरल्यावर लगाम चढवताना गळपट्ट्याखाली चार बोटं उभी जातील एवढी जागा ठेवा, आणि लग्नसराईची सुपारी घेण्याआधी घोडा पंधरा मिनिटं चालवून-दुडकवून त्याचा श्वास कानाने ऐका.